उणे अठ्ठावन्न

"सर, ही अँटेना लावायला तुम्ही स्वतः गच्चीवर चढला होतात का?"

खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज ढापणी आणि भोंगाची होती. ढापणी माझ्या बाकावरची, चष्मा काढला तर तिला फळाच काय, बाईही दिसत नाहीत. भोंगा मागच्या बाकावरची, तिची कुजबुज मैदानापलीकडे ऐकू जाते. दोघी सकाळपासून मागे लागल्या होत्या. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, नाही विचारलंस तर भित्री भागूबाई, आणि तसं फळ्यावर लिहू.

सहा महिन्यांपूर्वी अशी पैज लागली असती तर पोटात दुखतंय म्हणून मी घरी पळाले असते. हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. बाई दोनदा पुकारायच्या आणि शेवटी ढापणीच माझ्या वतीने ओरडायची. मग वादविवादात एकजण आजारी पडली म्हणून मला ढकलून उभं केलं आणि मी चक्क जिंकले. तेव्हापासून तोंडाचं कुलूप निघालं ते निघालंच. बाबा म्हणतात, किल्लीही हरवली.

तर सभागृहात चारशे मुलं, स्टेजवर मोठा पडदा, आणि माईकमागे वायरलेस कंपनीचे साहेब. आमच्या शाळेला लागून एक छोटा दवाखाना आहे. तिथे नर्सबाई रोज असतात, पण डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात. मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे. आमची शाळा या बाजूची सगळ्यात उंच इमारत, म्हणून कंपनीने आमच्या गच्चीवर एक अँटेना बसवली आणि तिची जोडीदार हॉस्पिटलच्या गच्चीवर. दोघींमध्ये वायर नाही, खांब नाही, मधे नुसती हवा. इकडे दवाखान्यात नर्सबाईंनी सोनोग्राफी लावली की तिकडे डॉक्टर त्याच क्षणी बघणार आणि काय करायचं ते सांगणार. साहेबांनी पडद्यावर दाखवलं सुद्धा: पोटातलं बाळ, हात हलवताना. चारशे मुलं एकदम "ओऽऽ" म्हणाली. मग साहेब मिलिमीटर लहरींवर बरंच बोलले, म्हणजे ज्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात अशा बारीक लहरी, साध्या लहरींच्या कितीतरी पट माहिती नेणाऱ्या. ऐकायला छान वाटत होतं. मग ते म्हणाले, "काही प्रश्न?"

आणि मी उठले.

साहेब हसले. "नाही बाळा, त्यासाठी आमची माणसं असतात."

पैज इथे संपली होती. मी खाली बसायला हरकत नव्हती. पण तोंड थांबेना. "मग ती माणसं स्टेजवर का नाहीत?"

भोंगाने माझा स्कर्ट खेचला. सभागृहात हशा पिकला, कुणीतरी टाळी वाजवली, आणि मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिथल्या तिथे दीड इंच बुटकी झाले. साहेब "छान, धीट मुलगी आहे" म्हणाले आणि कार्यक्रम संपवून टाकला.

मी मात्र मागच्या दाराकडे बघत होते. तिथे काखेत हेल्मेट धरून, खांद्यावर पान्यांची पिशवी अडकवून एक बाई उभी होती. गच्चीवर चढलेलं माणूस तेच. आणि ती माझी आई होती.

हे शाळेत फक्त ढापणी आणि भोंगाला माहीत होतं. बाकी कुणी विचारलं की मी "आई कंपनीत असते" एवढंच सांगायचे. 'कंपनीत' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची येते, आणि मी ती येऊ द्यायचे. आज सगळ्या जगासमोर मी आईची बाजू घेतली होती. मला वाटलं, आता ती मला जवळ घेणार.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती हातातल्या, पलीकडून येणाऱ्या लहरींचा जोर मोजणाऱ्या छोट्या यंत्राकडे बघत होती.

व्हरांड्यात साहेब एक कागद घेऊन आले. "ताई, सही करून टाका. काम संपलं."

"साहेब, आकडा उणे अठ्ठावन्न येतोय. तुमच्याच कागदावर उणे अडतीस लिहिलाय. म्हणजे जोर वीसने कमी."

"पण चालतंय ना? बाळ दिसलं ना?"

"आज आभाळ स्वच्छ आहे."

"मग?"

"जोराचा पाऊस या लहरी खातो, एवढ्या कमी जोरावर ही लिंक बंद पडणार. आणि पाऊस जोराचा असतो तेव्हाच पूल बंद होतो, साहेब. तेव्हाच दवाखान्याला ती लागणार."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. तसे ते वाईट दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. "ताई, माझ्याही डोक्यावर माणसं बसलीयत. उद्या दोन वाजेपर्यंत सहीचा कागद वर गेला पाहिजे. नाही गेला तर सोमवारपासून तुम्ही गोदामात. शिडी नाही, गच्ची नाही. केबलची बंडलं मोजा." मग माझ्याकडे वळून, "आणि ही तुमची मुलगी वाटतं? बोलणं कुणाकडून आलंय ते कळलं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आईने दंडाला असा चिमटा काढला की उत्तर परत आत गेलं.

घरी येईपर्यंत आई माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली. मी मात्र फुगले होते. दार उघडताच सुरू झाले, "मी तुझ्यासाठी चारशे जणांसमोर भांडले आणि तू साधं बघितलंही नाहीस!"

"स्टेजवर बोलावलं असतं ना मला, तर मागच्या दाराने पळून गेले असते."

"का?"

"कारण ते काम चुकलंय. आणि चुकवणारी मीच आहे."

माझं फुगणं फुस्स झालं.

आईने बॅटरी आणली, पडदा ओढला आणि भिंतीवर उजेड टाकला. मधे लख्ख गोळा, त्याभोवती काळपट पट्टा आणि त्याच्याही बाहेर एक फिकट कडं.

"हा मधला गोळा म्हणजे ताटलीचा खरा झोत," आई म्हणाली. गच्चीवरची माणसं त्या अँटेनाला ताटलीच म्हणतात, कारण ती दिसते तशीच, पांढरी, गोल, जेवायच्या ताटाएवढी. "हात लांब कर, करंगळी उभी धर. तिच्याआड जेवढं लपेल, झोत तेवढाच रुंद. म्हणून ताटली केसभर केसभर सरकवत जायची आणि यंत्रावरचा आकडा बघत राहायचा. आकडा चढतो, चढतो, मग उतरायला लागतो. जिथे सगळ्यात वर होता तिथे मागे यायचं आणि बोल्ट आवळायचे."

"मग चुकलं कुठे?"

तिने फिकट कड्यावर बोट ठेवलं. "इथे. या कड्यावरही आकडा चढतो आणि उतरतो. हुबेहूब तसाच. नवशिक्याला वाटतं, सापडलं. आम्ही नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो की एका चढाला भुलू नका, पलीकडे जाऊन बघा. आणि सतरा वर्षं गच्च्या चढून मी स्वतः कड्यावर बोल्ट आवळले."

"साहेब घाई करत होते ना पण?"

"दर दोन मिनिटांनी फोन करत होता. पण पान्यावर हात त्याचा नव्हता."

माझी आई कशी आहे ते यावरून कळेल. तिच्या हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्याचा एक गोरा पट्टा आहे, बाकी चेहरा उन्हाने भाजलेला. ती कंपनीत लागली तेव्हा खाली बसून केबलची टोकं सोलायची. एकदा गच्चीवर चढायला माणूस कमी पडला आणि ती म्हणाली, मी जाते. तेव्हाचे साहेब म्हणाले, बायकांच्या मापाचे बूट नाहीत आपल्याकडे. तिने पुरुषी बुटात वर्तमानपत्र कोंबलं आणि चढली. अजून तिच्या कपाटात ते बूट आहेत. लोकांना आपलं शहर रस्त्यांनी पाठ असतं, तिला गच्च्यांनी. या गच्चीवर कुंड्यांत मिरच्या आहेत. त्या गच्चीवर एक म्हातारे एकटेच बुद्धिबळ खेळतात, एक चाल इकडून, एक तिकडून, आणि हरले की चिडतात. नातेवाइकांत कुणी विचारलं काय करतेस, तर म्हणते, "माणसांचं बोलणं जोडते." लोकांना वाटतं ती लग्नं जमवते.

दुपारी बाबा आले. बाबा छापखान्यात आहेत, कागदाच्या धुळीने त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

"अगं, मग सही कर आणि परवा जाऊन गुपचूप नीट करून ये. आमच्याकडे पुस्तकात चूक राहिली की मागे शुद्धिपत्र चिकटवतात."

"अहो, सही झाली की ती गच्ची माझी राहत नाही. हॉस्पिटलवाल्यांचं कुलूप, त्यांचा पहारा. बंद पडेपर्यंत तिथे कुणी फिरकणार नाही."

"पडेल तेव्हा बघतील."

"पडेल तेव्हा त्या दवाखान्यात कुणीतरी टेबलावर असेल."

बाबांनी हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला गोदामात टाकतील गं. तू दिवसभर चार भिंतींत बसू शकत नाहीस. मला माहितेय ना. रविवारी पाऊस असला की दारापर्यंत किती खेपा घालतेस तू." त्यांचा आवाज तेव्हा भांडणाचा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"उद्या दोनपर्यंत वेळ आहे," आई म्हणाली. "सकाळी आठला ऊन तापायच्या आत हॉस्पिटलच्या गच्चीवर जाते. सैल करते, पूर्ण फिरवून बघते, खरा झोत शोधते. दोन तासांचं काम. लंबूकाका शाळेच्या टोकाला आला की झालं."

लंबूकाका आईचे जोडीदार. साडेपाच फूटही नाहीत, म्हणून लंबूकाका. गेली नऊ वर्षं आई एका गच्चीवर आणि ते समोरच्या, दोघांच्या हातात वॉकीटॉकी. त्यांच्या कामाचा एक पक्का नियम आहे: समोरच्या टोकाला माणूस उभा असल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. कारण एकदा सैल केलं आणि झोत पूर्णच हरवला, तर एकटं माणूस दोन गच्च्यांमध्ये धावत मरतं. एकाने हलवायचं, दुसऱ्याने काहीही न हलवता आकडे वाचायचे, खणखणीत आणि खरे. आईच्या भाषेत, "एक नाचतो, एक मोजतो."

पाच वाजता लंबूकाकांचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला, तिचे हात लसणाचे होते.

"ताई, मला उद्या बाहेरगावच्या कामावर पाठवलंय. सकाळी सहाची गाडी."

"कुणी? त्यानेच?"

"नाव नका विचारू. पुन्हा उघडाउघडी नको म्हणाले. मी नाही म्हणू शकत नाही, ताई. दोन पोरी आहेत घरात." थोडं थांबून, "चूक मलाही दिसली होती. समोरून आकडे मीच वाचत होतो ना. उणे अठ्ठावन्न वाचताना जीभ अडखळली माझी. पण तुम्ही आवळले, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

"मला वाटलं तुला काही वाटलं तर तू बोलशील."

मग लंबूकाका म्हणाले, "माफ करा," आणि फोन बंद झाला.

आईने दोन-चार पाकळ्या सोलल्या. मग हात पुसले, पिशवीतून तो कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कडेवर पेन चालवून बघितलं. पेन चाललं. तिने तारीख लिहिली.

मी आईला घाबरलेली पाहिलीय. चिडलेली तर रोज पाहते. पण तारीख लिहिताना तिच्या खांद्यांचं जे झालं ते कधी पाहिलं नव्हतं. पाठीवरून कुणीतरी पिशवी काढून घ्यावी आणि तरी माणूस वाकलेलंच राहावं, तसं.

"शाळेत वही विसरले!" मी ओरडले आणि चपला घालून सुटले.

वही दप्तरातच होती, हे सांगायला नको.

मुख्याध्यापिका बाई अजून कचेरीत होत्या, सभागृहाच्या खुर्च्या मोजून घेत होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलीस? माफी मागायला ना?"

"नाही बाई. गच्चीची किल्ली मागायला."

त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. उणे अडतीस, उणे अठ्ठावन्न, बॅटरी, कडं, पाऊस, पूल, उद्या सकाळचे आठ, न येणारे लंबूकाका आणि त्यांच्या जागी मी. वादविवादात मला चार मिनिटं मिळाली होती, इथे दोनच पुरली.

बाईंनी चष्मा परत वर ढकलला. मग म्हणाल्या, "म्हणजे आज चारशे मुलांसमोर आम्ही टाळ्या वाजवल्या त्या चुकलेल्या कामाला?"

"हो."

"तुझ्या आईने तुला पाठवलं?"

"तिला माहीतच नाही. ती सही करायला बसलीय."

"उद्या आठला तुमची गणिताची चाचणी आहे."

"हो."

"बुडवलीस तर फेरचाचणी. आणि फेरचाचणीचा पेपर मी स्वतः काढते. अवघड काढते."

"उणे आकडे आले तर मला पैकीच्या पैकी पडतील बाई."

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात घालवलं. "शिपाईमामा तुझ्यासोबत वर उभे राहतील. कठड्यापासून दहा पावलं आत. कशालाही हात लावायचा नाही, फक्त वाचायचं. आणि आधी घरी सांगायचं, त्यांच्या पाठीमागे काही नाही. घरून हो आलं तरच किल्ली."

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. पळत सुटले. वाटेत दवाखान्यापाशी थांबले. नर्सबाई पायरीवर बसून चहा पीत होत्या. आत बाकावर एक पोटुशी बाई बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. नर्सबाई तिला सांगत होत्या, "आता घाबरायचं नाही. आता पलीकडचे डॉक्टर आपल्याला रोज दिसणार." ती बाई मान डोलवत होती. मला तिथून पुढे पाय उचलायला जरा वेळ लागला.

घरी आले तेव्हा टेबलावर कागद तसाच होता. तारीख होती, सही नव्हती. पेनाचं टोपण उघडं. आई खिडकीशी आणि बाबा खुर्चीत, म्हणजे भांडण नुकतंच संपलं होतं.

"मिळाली वही?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आई, तुम्ही दोघंही ऐका. मधे बोलू नका, नाहीतर माझं विसरायला होतं."

"तुझं? विसरायला?" बाबा म्हणाले.

"बघा, बोललात!"

आई वळली. मी पेनाचं टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशात टाकलं.

"दे ते," आई म्हणाली.

"नाही. आधी मला परीक्षा घेऊ दे. म्हणजे तू घे, माझी. समोर उभं राहिलेल्या माणसाने काय करायचं?"

"हे खेळ नाहीत, कार्टे."

"काय करायचं, सांग ना!"

"...आकडा वाचायचा."

"आकडा एकदम खाली कोसळला तर?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, जसं नवीन पोरांना विचारत असेल तसं, "तूच सांग. कोसळला तर?"

"घाबरायचं नाही, ओरडायचं नाही, ताटलीला हात लावायचा नाही. कोसळलेला आकडा तसाच्या तसा सांगायचा. पलीकडचा कितीही म्हणाला की आता छान झालं ना, तरी आपल्यासमोर दिसतोय तोच आकडा सांगायचा. आणि चुकतंय असं वाटलं तर समोर सतरा वर्षांचा अनुभव असला तरी बोलायचं. लंबूकाकांसारखं गिळायचं नाही."

बाबा खुर्चीत सावरून बसले. "हे कुठे चाललंय मला कळतंय. अजिबात नाही. तिला कंपनीतून काढलं तर काढलं, पण तू यात..."

"बाबा, मी कंपनीत नाहीच आहे. मला कुठल्या गोदामात टाकणार?"

"चाचणी आहे तुझी उद्या!" आई म्हणाली.

"फेरचाचणी ठरली. अवघड असणार आहे. चालेल मला."

"बाईंना कुणी सांगितलं?"

"मी. त्या हो म्हणाल्या. शिपाईमामा शेजारी असणार, कठडा दहा पावलं लांब. तुमचं हो आलं की किल्ली."

"आणि नाही आलं तर?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता, पण हात टेबलावरच्या कागदाकडे गेला होता, आणि त्यांनी तो कागद आईपासून जरासा दूर, स्वतःकडे ओढला. मला ते दिसलं. आईलाही दिसलं.

माझा आवाज फुटला. चांगला खणखणीत फुटला, आणि या वेळी पैज कुणाचीच नव्हती.

"नाही आलं तर शिपाईमामांसोबत गच्चीच्या बंद दाराशी बसेन. पण आठ वाजता मी शाळेत, वरच असणार. आई, तू हो म्हणून पलीकडच्या गच्चीवर आलीस तर तुला वॉकीटॉकीवर एकेक आकडा वाचून दाखवीन, उणे अडतीस येईपर्यंत. आणि तू आली नाहीस, तर दोन वाजेपर्यंत तुझी वाट बघेन. माझं ठरलंय."